जॅझ कुणाचं? ताजच्या नृत्यगृहापासून रंगभवनापर्यंत

१९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी नावाचे अमेरिकन व्हायोलिनवादक आपला संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. संचातले सगळे वादक कृष्णवर्णीय होते. ज्या देशातून ते आले, त्याच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसता येत नव्हतं. आणि इकडे ज्या शहरात ते रोज रात्री वाजवत होते, तिथल्या गिरणी कामगाराला, हमालाला, शाळामास्तराला ताजच्या नृत्यगृहाची पायरी चढणं शक्य नव्हतं. वाजवणाऱ्याला त्याच्या मुलुखात दार बंद, ऐकणाऱ्याला त्याच्याच शहरात दार बंद. मुंबईतल्या जॅझची गोष्ट या दोन बंद दारांपासून सुरू होते.

मी चोपड्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. जॅझवर लिहितोय म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला. एकानं विचारलं, "सर, चोपड्याचा आणि जॅझचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. पण "याच्याशी तुमचा काय संबंध" हा प्रश्न आम्हा मराठी मुसलमानांना नवा नाही. मराठीशी काय संबंध, ज्ञानेश्वरीशी काय संबंध, हेही विचारून झालेलं आहे. आणि आमच्यातलेच काही जण उलट बाजूनं विचारतात, मौसिकीशी तुमचा काय संबंध? म्हणून म्हटलं, एकदा हा संबंध नीटच तपासून पाहू.

सुरुवात बँडपासून करू, कारण जॅझची सुरुवातही तिथूनच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. तिथं काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात गुलामांना रविवारी जमायची मुभा होती. तिथं ते आफ्रिकेतून आणलेले ताल वाजवत, नाचत, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना भेटत. आठवड्यातला तो एकच दिवस त्यांचा होता. पुढे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. फौजेच्या बँडमधली कर्णे, क्लॅरिनेट, ड्रम ही वाद्यं लोकांच्या हाती येऊ लागली. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी ती उचलली आणि मिरवणुकीत, लग्नात, मयतीत वाजवायला घेतली. कबरस्तानाकडे जाताना संथ, रडवणारी धून आणि परतताना ठेका धरायला लावणारी. या बँडमध्ये, चर्चमधल्या गाण्यात आणि शेतमजुरांच्या ब्लूजमध्ये जॅझची मुळं आहेत.

आता खानदेशात या. इथंही फौजी छावण्यांतूनच ही वाद्यं बाहेर आली. इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या बँडमधून क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम उतरले ते थेट आपल्या लग्नाच्या वरातीत. ती वाजवणारे कोण? बहुतेक ठिकाणी मुसलमान नाहीतर दलित. उन्हाळ्यात लग्नसराई, पावसाळ्यात रंगकाम, शिलाई, सायकल दुरुस्ती. यांतल्या बहुतेकांना नोटेशन येत नाही. नवं गाणं आलं की दोनदा ऐकायचं आणि तिसऱ्यांदा वाजवायचं. वर पुन्हा आपल्या मनानं त्यात जागा घ्यायच्या. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत धून ताणायची, नाचणारा रंगात आला की त्याच्या पायाकडे बघून लय वाढवायची. न्यू ऑर्लिन्समध्ये हेच चाललं होतं, फक्त तिथं त्याला नाव मिळालं, तबकड्या निघाल्या, पुस्तकं लिहिली गेली. आमच्याकडे त्याला 'बँडवाला' म्हणतात आणि जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवतात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मशिदीपुढून वाद्य वाजवत जायचं की नाही, यावरून १८९० च्या दशकापासून या देशात किती डोकी फुटली ते इतिहासात आहे. पण वरात मशिदीजवळ आल्यावर जो क्लॅरिनेट ओठावरून खाली घेतो, तो पुष्कळदा जुम्याला त्याच मशिदीत पुढच्या सफमध्ये उभा असलेला माणूस असतो. हे मात्र त्या इतिहासात कुणी लिहीत नाही.

मुंबईकडे परत येऊ. अ‍ॅबींच्या नंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे ताजमध्ये वाजवत राहिले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये तिथंच पटकीनं वारले. या मंडळींकडून जॅझ उचललं ते मुख्यतः गोवेकरांनी. त्याचं कारण साधं होतं. पोर्तुगीज गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना सुरलिपी शिकवत. पोट भरायला मुंबईत आलेला गोवेकर धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकायचा. कूड म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेली खानावळ आणि मुक्काम. सहा महिने बोटीवर, दोन महिने बेकार, मग कुणा गाववाल्याच्या ओळखीनं हॉटेलच्या बँडमध्ये. मिकी कोरिया यांच्या बँडनं १९३९ पासून दोन दशकं ताज गाजवलं. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेट वाजवत, आणि त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांचा धंदा बसला, बँड सुटू लागले. दारू गेली याचं दुःख करण्याचं मला काहीच कारण नाही. पण रोजगार गेलेले हे वादक कुठं गेले ते पाहण्यासारखं आहे. ते दादरला, ताडदेवला, अंधेरीला, फिल्मी स्टुडिओत गेले. आणि तिथं त्यांना भेटला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट स्वतः आपला बँड घेऊन पडद्यावर आहेत. समोर मास्टर भगवान नाचतात. १९५७ च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' ज्यानं ऐकलं नाही, असा माणूस खानदेशात सापडायचा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं 'जॅझ' हा शब्द ऐकला नसेल, पण टूरिंग टॉकीजच्या तंबूत मातीवर बसून ते ऐकत होते ते जॅझच होतं. ताजच्या दारात जे अडलं, ते तंबूतून आत आलं.

या देवघेवीत न्याय सगळ्यांना सारखा मिळाला नाही. चाल संगीतकाराची, पण तिच्याभोवती पन्नास वाद्यांचा महाल उभा करायचे ते सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे. त्यांची नावं पडद्यावर आली तर 'सहाय्यक' म्हणून, नाहीतर नाहीच. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. आज हे नाव लोकांना ठाऊक आहे ते १९७७ च्या एका सिनेमातल्या विनोदी गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून गुरूचं नाव घरोघर पोचवलं खरं, पण त्या नावाचा एक खरा माणूस होता हे किती जणांना माहीत आहे? त्याच काळात मास्टर इब्राहिम क्लॅरिनेटवर सिनेमाची गाणी वाजवत आणि त्यांच्या तबकड्या निघत. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांना त्या ऐकून शिकता येत होतं.

१९५० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या लक्षात आलं की रशियाशी चाललेल्या शीतयुद्धात जॅझ कामाला येईल. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी यांना कराची आणि ढाक्याला पाठवलं. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक हिंदुस्थानात आले, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत. ज्या सरकारच्या देशात शाळेच्या दारात काळ्या मुलांना अडवलं जात होतं, तेच सरकार काळ्या वादकांना आपल्या स्वातंत्र्याचा नमुना म्हणून जगभर फिरवत होतं. ही लबाडी वादकांनाही कळत होती. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेचं प्रकरण पेटलं तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे रशियाला जायला साफ नकार दिला होता.

पण सरकारनं कशासाठीही पाठवलेलं असो, माणसं भेटली की वेगळंच काही घडतं. मुंबईत ब्रूबेक यांची भेट सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी झाली. खाँसाहेब जावऱ्याचे, मुंबईत वाढलेले, 'जाफरखानी बाज' या स्वतःच्या शैलीचे धनी. दोघं एकत्र बसून वाजवले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण एकानं चार स्वर टाकले की दुसरा त्यांना उत्तर द्यायचा. त्या बैठकीचा आपल्या वाजवण्यावर परिणाम झाला, असं ब्रूबेक पुढे सांगत. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी नऊ मात्रांचा एक तुर्की ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा, आणि १९५९ च्या 'टाइम आउट' या तबकडीत तो जगभर गेला.

हे 'उत्तर देणं' काय असतं ते आपल्या लोकांना कव्वालीवरून चटकन कळेल. कव्वाल एक मिसरा धरतो आणि मध्येच दुसऱ्याच शायराचा शेर आणून त्याला जोडतो. त्याला गिरह लावणं म्हणतात. ऐकणारा "वाह" म्हणतो तो त्या जोडणीला. जॅझवाला तेच करतो. एक धून चालू असते, सॅक्सोफोनवाला तिच्या पोटात भलत्याच धुनेचा तुकडा आणून बसवतो आणि सही सही समेवर परततो. ओळखणारे हसतात, टाळी देतात. म्हणून ही चीज एकट्यानं कानात यंत्र घालून ऐकायची नव्हे. शेजारी कुणीतरी हवं, ज्याच्या मांडीवर थाप मारता येईल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. अमेरिकेतल्या जॅझवाल्यांत मुसलमान किती होते, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. १९४० च्या दशकापासून कितीतरी कृष्णवर्णीय वादकांनी इस्लाम स्वीकारला. ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांनी अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं. पियानोवादक मॅकॉय टायनर सुलेमान सौद झाले. बहुतेकांपर्यंत इस्लाम पोचला तो १९२० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अहमदिया मिशनच्या वाटेनं. त्या पंथाविषयीचा वाद मला ठाऊक आहे, तो इथं काढत नाही. या माणसांना त्या वेळी काय मिळालं, ते महत्त्वाचं. गिलेस्पी यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की मुसलमान नाव घेतलं की काही वादकांच्या ओळखपत्रावर 'काळा' ही नोंद होत नसे आणि मग खाणावळीत बसता येई. विचार करा. ज्या नावामुळे आज आपल्या पोरांना मुंबई-पुण्यात खोली मिळत नाही, त्याच नावानं तिथं एकेकाळी दार उघडत होतं.

यांतले दोघे मला विशेष जवळचे वाटतात. एक, अहमद जमाल, पिट्सबर्गचे पियानोवादक. १९५८ ची त्यांची तबकडी तुफान खपली. त्या पैशातून त्यांनी शिकागोत 'अल्हंब्रा' नावाचा क्लब काढला आणि तिथं दारू ठेवली नाही. जॅझ क्लब आणि दारू नाही! दोनेक वर्षांत तो बंद पडला, पण ते नव्वदी ओलांडेपर्यंत जगले, २०२३ मध्ये गेले. दुसरे युसूफ लतीफ. बासरी, सॅक्सोफोन, ओबो आणि आपली सनईसुद्धा वाजवणारे. हज केलेले. उतारवयात तर जिथं दारू दिली जाते तिथं वाजवणं त्यांनी बंदच केलं. 'जॅझ' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता, त्याला बदफैलीचा वास आहे असं त्यांना वाटे. मौसिकी हराम की हलाल, यावर आपल्या उलेमांत मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. पण नमाज आणि सॅक्सोफोन एकाच आयुष्यात इमानदारीनं निभावलेला माणूस होऊन गेला, एवढं इतिहासाचा मास्तर नसूनही मी सांगू शकतो.

हिंदुस्थानी उस्तादांनीही हात पुढे केला होता. उस्ताद अल्लारखाँ यांनी १९६८ मध्ये अमेरिकन ड्रमवादक बडी रिच यांच्याबरोबर तबकडी काढली. उस्ताद अली अकबर खाँ यांनी १९७५ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्याबरोबर सरोद वाजवला, तबल्यावर झाकीर हुसेन. त्याच सुमारास जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीरभाईंचं 'शक्ती' सुरू झालं. माहीमच्या त्या मुलाला २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले. वर्ष संपता संपता तो गेलाही.

ताजचं दार सगळ्यांसाठी खऱ्या अर्थानं उघडलं ते १९७८ मध्ये, आणि तेही ताजमध्ये नव्हे, धोबीतलावच्या रंगभवनात. निरंजन झवेरी या जॅझवेड्या माणसानं आणि त्याच्या साथीदारांनी तिथं 'जॅझ यात्रा' भरवली. पहिल्याच खेपेला सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक आला. मग दर दोन वर्षांनी यात्रा भरू लागली. 'यात्रा' हे नाव किती नेमकं होतं! आमच्या खानदेशात यात्रेला माणूस देवासाठी जातो तितकाच लेकीबाळींना, सोयऱ्यांना भेटायला जातो. रंगभवनही तसंच होतं. वर उघडं आभाळ. सूट नको, टाय नको, हॉटेलचं बिल नको. शेजारीच सेंट झेवियर्सची पोरं, कुडीतले म्हातारे गोवेकर, पारशी, गुजराती, कचेरीतून थेट आलेले कारकून. कोण कुणाला किती वर्षांनी भेटतंय याच्या आरोळ्या एकीकडे आणि मंचावर ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन एकीकडे.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच कामा रुग्णालय. २००३ च्या सुमारास तिथले कार्यक्रम थांबले. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, आजाऱ्याला झोप हवीच. पण त्या नियमानं रंगभवन गप्प केलं आणि गल्लोगल्ली छाती हादरवणारा डीजे मात्र मोकळा राहिला. आता जॅझ नरिमन पॉइंटच्या बंदिस्त, थंडगार सभागृहात आहे. ऐकायला उत्तम. पण तिथं मांडीवर थाप मारायची जरा चोरी वाटते.

आम्हा मित्रांच्या वाट्याला यात्रा आली नाही, आम्ही तेव्हा लहान होतो. आमच्या वाट्याला बरसी आली. उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले. त्यानंतर झाकीरभाई दरवर्षी त्या तारखेला अब्बाजींच्या आठवणीत मुंबईत पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम करत. शास्त्रीय, लोकवाद्यं आणि जॅझवालेही. बी.एड.चे आम्ही तिघं, एक भिवंडीच्या उर्दू शाळेत, एक अमळनेरला मराठीचा, आणि मी. एकदा जळगावहून रात्रीची गाडी पकडून गेलो. फेब्रुवारी म्हणजे दहावीच्या सराव परीक्षांचे दिवस, किरकोळ रजा मिळवण्यासाठी काय काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. पहाटे षण्मुखानंदच्या दारात गळाभेट. पंधरा वर्षांची मैत्री, तरी एकमेकांना 'सर' म्हणायची खोड जात नाही. दुपारच्या चहाला पवित्र पोर्टल, कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीचं नीट. मग आत ड्रम आणि तबल्याचे सवाल-जवाब सुरू झाले. ड्रमवाल्यानं असा काही तुकडा टाकला की भिवंडीचे सर माझ्या कानात म्हणाले, "अरे, ये तो अपने बँडवालों जैसा बजा रा!" आणि अमळनेरकर सर अहिराणीत काही पुटपुटले, ते छापण्यासारखं नाही, पण ती दाद होती.

आमच्या गावात बँड आता थोडेच उरले आहेत. डीजेनं बाकीचे खाल्ले. एका जुन्या क्लॅरिनेटवाल्या चाचांना मी मागे मोबाइलवर युसूफ लतीफ ऐकवले. चाचांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"किस गाव का है?"

मी म्हटलं, "चाचा, डेट्रॉइट. अमेरिका."

"नाम तो अपना है," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि हा रीड कोणत्या कंपनीचा वापरत असेल, ते विचारू लागले.